धाकू केण्यांनी तयार केलेला साक्षीदार

मधू खांबेटेला डोंबिवलीत कोणी मुखदुर्बळ म्हटलं नसतं. घरात तो इतका बोलायचा की त्याची धाकटी बहीण शुभदा त्याला रेडिओ म्हणायची आणि वर सांगायची, फरक एवढाच की रेडिओला बंद करायची कळ असते. मॅट्रिकला इंग्रजीत त्याला चांगले मार्क होते. अडचण एकच होती. टेबलाच्या पलीकडून कोणी ‘बसा’ म्हणालं, की त्याची वाचा जायची.

वाचा जाणं ही तशी सभ्य गोष्ट आहे. पण मधूची वाचा एकटी जात नसे, जाताना थोडी अक्कलही सोबत नेई. फोर्टातल्या एका कंपनीत मुलाखतीला गेला तेव्हा त्याने दारातल्या पट्टेवाल्याशी हस्तांदोलन केलं आणि आत जाऊन साहेबाच्या हातात छत्री दिली. साहेबानेही ती ठेवून घेतली, कारण तोही नवीनच होता. एका विमा कंपनीत त्याला हिंदुस्थानची लोकसंख्या विचारली, तेव्हा तो ‘माफ करा’ म्हणाला. तिसऱ्या ठिकाणी त्याला फक्त नाव विचारलं. हा प्रश्न त्याच्या तयारीत नव्हता.

तयारी करून घेत ते त्याचे वडील. त्यांना सगळी चाळ भाऊ म्हणे. भाऊ सेक्रेटरिएटात हेडक्लार्क होते आणि येत्या दिवाळीला पेन्शनीत निघायचे होते. त्यानंतर सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणारं खांबेट्यांकडे कोणी उरणार नव्हतं, आणि या विचाराने भाऊंना आत्तापासूनच सकाळी भूक लागेनाशी झाली होती. म्हणून ते मधूला रोज संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर बसवून दक्षिण अमेरिकेतल्या नद्या विचारायचे. मधूला त्या सगळ्या यायच्या. आजवर त्याला कोणत्याही साहेबाने दक्षिण अमेरिका विचारली नव्हती हा भाग वेगळा. आणि दर नदीमागे भाऊ त्याला एकदा बजावायचे, अजिबात घाबरायचं नाही. हे ते ज्या आवाजात बजावायचे, त्या आवाजात लोक आग लागल्याचं सांगतात.

अशात ठाण्याहून बोलावणं आलं. एक निमसरकारी ऑफिस होतं. खाडीकाठी त्याच्या पुष्कळ जमिनी होत्या, आणि त्या कुठे सुरू होतात हे ऑफिसला साधारण माहीत होतं. कुठे संपतात याबद्दल मतभेद होते. त्या ऑफिसला एक कारकून हवा होता. भाऊंनी मधूच्या वतीने अर्ज केला होता, सहीसुद्धा जवळजवळ त्यांनीच केली होती. आता पुढच्या आठवड्यात मुलाखत. ही हातची गेली तर दिवाळीपर्यंत दुसरी येईल असं काही दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी ओट्यावर ॲमेझॉन चालू असताना चाळीचे मालक धाकू केणे समोरून आले आणि कठड्याला टेकून ऐकत उभे राहिले.

धाकूशेठ मूळचे खाडीकडचे. बापाने मिठागरावर काम केलं, आजोबांनी भातशेती केली, आणि डोंबिवलीत घरांची गरज निघाल्यावर धाकूशेठनी वडिलोपार्जित वाडीत ही चाळ बांधली. पण त्यांची खरी ओळख घरमालक म्हणून नव्हती. ते साक्षीदार होते. ठाण्याच्या कोर्टात जमिनीचा, बांधाचा, वहिवाटीचा, कुठलाही दावा उभा राहिला की एका तरी बाजूला धाकू केणे असायचेच. कूळकायदा आल्यापासून तर त्यांना सणासुदीलाही उसंत नव्हती. त्यांनी बांध घालताना पाहिलेले होते, बांध फुटताना पाहिलेले होते, आणि बांध रातोरात सरकतानाही पाहिलेले होते. हे सगळं त्यांनी खरोखर पाहिलं असेल, तर एकाच भरतीला ते तीन गावांच्या खाजणात, म्हणजे खाडीच्या दलदलीत, हजर होते असं मानावं लागेल. पण उलटतपासात त्यांना आजवर कोणी हलवू शकलं नव्हतं. मुंबईहून आणलेले वकील त्यांच्यासमोर घामाघूम व्हायचे आणि धाकूशेठ पिंजऱ्यात असे उभे असायचे, की जणू कोणी बस यायची वाट पाहतंय.

भाऊंच्या त्या आवाजाने ॲमेझॉन पेरू देशात पोचेपर्यंत मधूची काय अवस्था झाली ती त्यांनी पाहिली आणि म्हणाले, “भाऊ, आसा साक्षीदार पिंजऱ्यान उभा केलाव त तो फुटंल.”

भाऊंनी जरा आवाज चढवून सांगितलं, की मुलाला नोकरीसाठी जायचंय, कोर्टात नव्हे. त्यावर धाकूशेठनी शांतपणे विचारलं, की टेबलाच्या पल्याड माणसं बसणार का. बसणार. सवाल विचारणार का. विचारणार. उत्तरं लिहून घेणार का. भाऊ म्हणाले, हो, बहुधा.

“मंग कोर्ट दुसरा कसा आस्ता?” धाकूशेठ म्हणाले.

सेक्रेटरिएटात एवढी वर्षं काढलेले भाऊ पुन्हा ॲमेझॉनकडे वळले. मधूला मात्र त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा गार वाटलं. त्याने नद्यांचं पुस्तक मिटलं आणि विचारलं, “धाकूशेठ, मला शिकवाल?”

तालीम केण्यांच्या पडवीत सुरू झाली. पडवीत भाताची कणगी होती, तिच्या पुढ्यात एक उपडं घातलेलं पिंप ठेवलं, तो पिंजरा. कोर्ट म्हणून धाकूशेठच्या बायकोला, आवडाबाईंना, झोपाळ्यावर बसवलं, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काय पटलंय आणि काय नाही हे आजवर कोणालाच कळलेलं नव्हतं. समोरच्या बाजूचा वकील लागत होता, ते काम खांबेट्यांच्या शेजारच्या विमलाबाईंनी आपणहून घेतलं. चाळीतली बाकीची मंडळी प्रेक्षक म्हणून आली आणि पुढे रोजच यायला लागली. त्या आठवड्यात चाळीत कोणाकडे वेळेवर जेवण झालं नाही.

धाकूशेठचं पहिलं म्हणणं असं, की साक्षीदार घाबरतो तो पहिल्या शब्दाला. एकदा तोंड उघडलं की पुढचं आपोआप येतं. म्हणून पहिलं वाक्य पाठ हवं, आणि ते झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. कोर्टात ते वाक्य शपथेचं. तेव्हा रोज तालमीच्या सुरुवातीला मधूने पिंपामागे उभं राहायचं, उजवा हात वर करायचा आणि खणखणीत म्हणायचं, की मी ईश्वराला स्मरून खरं तेच सांगेन, खोटं काही सांगणार नाही. पहिल्या दिवशी हे म्हणताना त्याचा आवाज कणगीमागे बसलेल्या मांजरालाही ऐकू गेला नाही. आठवड्याच्या मध्यावर मांजर पळून जायला लागलं.

दुसरं, विचारलं तेवढंच सांगायचं. “नाव इचारला त नाव सांगाचा. गाव सांगाचा नाय. गाव त्याला पायजे आसला त तो इचारंल.” तिसरं, ऐकलेलं सांगायचं नाही, पाहिलेलं सांगायचं. चौथं, ‘का’ या प्रश्नाला साक्षीदाराने हात लावायचा नाही. काय झालं ते साक्षीदाराला माहीत, का झालं ते कोर्ट ठरवतं, त्यासाठी त्याला पगार असतो. आणि काहीच सुचलं नाही तर पाणी मागायचं. “पान्याला कुठलाच कोर्ट नाय म्हनत नाय,” धाकूशेठ म्हणाले, “आनि पितानी घाई नाय कराची. धीर आधी सवाल करनाऱ्याचा सुटतो.”

विमलाबाईंचा उलटतपास भयंकर होता. त्या पदर खोचून उभ्या राहायच्या आणि मधूला त्याच्या शाळेपासून पकडायच्या. एका संध्याकाळी त्यांनी अचानक विचारलं, की गेल्या चैत्रात विहिरीवर माझी नवी कळशी कोणी चेपवली. प्रेक्षकांनी माना पुढे काढल्या, कारण ही गोष्ट अर्ध्या चाळीला माहीत होती. शुभदा दारामागे सरकली. मधूने विमलाबाईंकडे पाहिलं, झोपाळ्यावरच्या आवडाबाईंकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. ते त्याने असं सावकाश प्यायलं की विमलाबाई खाली बसल्या. चाळीने टाळ्या वाजवल्या. धाकूशेठनी नुसती मान हलवली, पण त्या रात्री ते आवडाबाईंना म्हणाले म्हणे, की पोरगा तयार होतोय.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी धाकूशेठ मधूला ठाण्याला घेऊन गेले. कशाला, हे त्यांनी भाऊंना सांगितलं नाही. मधूला वाटलं, काहीतरी शेवटची युक्ती असणार. धाकूशेठ त्या ऑफिसच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले, मधूला शेजारी बसवलं, आणि मग काहीच केलं नाही.

“आता?” मधूने विचारलं.

“आथा कंटालाचा,” धाकूशेठ म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं, की माणूस साहेबाला घाबरत नाही, परक्या जागेला घाबरतो. ज्या जागेत आपण एकदा नीट कंटाळलो, तिथे परत भीती वाटत नाही. ते स्वतः उमेदीच्या काळात प्रत्येक नव्या कोर्टात आधी एक दिवस नुसते जाऊन कंटाळून यायचे.

सकाळी मधू प्रत्येक गोष्टीला दचकत होता. दारावरची पितळी पाटी, आत जाणारे कागद, घंटीचा आवाज, सगळ्याला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की घंटी वाजली तरी पट्टेवाला तानाजी लगेच उठत नाही. आधी तो पान लावून संपवतो. मग लक्षात आलं की मोठे साहेब म्हणजे पोंक्षे साहेब यांचे बूट त्यांना चावतात, कारण दुपारी ते अनवाणीच बाहेर आले, व्हरांड्याच्या टोकाच्या गळक्या नळावर त्यांनी पाय धुतले, आणि तानाजीला दबक्या आवाजात विचारलं, की डब्यात आज पण भरीतच आहे का. तानाजीने आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पाहून मधूला त्यांची दया आली. ज्याची दया आली त्याची भीती वाटणं अवघड असतं. उन्हं उतरायच्या सुमाराला मधूला एक लांबलचक जांभई आली. धाकूशेठनी ती पुरी होऊ दिली आणि म्हणाले, चल, झाला काम.

दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर आणखी उमेदवार बसले होते. एकजण ओठ हलवत काहीतरी पाठ करत होता, एकजण पुन्हापुन्हा रुमालाने बूट पुसत होता. मधू तानाजीशी पानाच्या भावावर बोलत होता. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो असा उठला, जसा कोणी घरात आतल्या खोलीत हाक आली म्हणून उठतो. धाकूशेठ त्याच्यासोबत आले होते, ते शेंगदाण्यांची पुडी घेऊन बाकावर राहिले.

आत तिघे होते. मधे पोंक्षे साहेब, एका बाजूला चष्मेवाले हिशेबनीस, दुसऱ्या बाजूला ऑफिसचे वकील. टेबल होतं, टेबलाच्या पलीकडून पोंक्षे साहेब म्हणाले, “बसा.”

मधूला वाचा गेल्याचं जाणवलं. ती निघालीच होती. आणि तेवढ्यात, आठवडाभर तालीम झालेला त्याचा उजवा हात आपोआप वर गेला, आणि मांजर पळवून लावणारं तोंड उघडलं.

“मी ईश्वराला स्मरून शपथ घेतो,” मधू खांबेटे खणखणीत आवाजात म्हणाला, “की मी खरं तेच सांगेन, खोटं काही सांगणार नाही.”

हिशेबनिसांच्या टाकातून शाईचा एक थेंब कागदावर पडला. वकिलांनी मात्र सवयीने मान डोलावली, म्हणाले, “हं, सांगा.” मग आपण कुठे बसलोय हे ध्यानात येऊन ते पोंक्षे साहेबांकडे बघायला लागले.

मधू बसला. आवाज आला होता, पाय स्थिर होते, सगळं धाकूशेठनी सांगितलं तसं झालं होतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण शपथ घेतली आहे. पडवीतली गोष्ट निराळी, तिथे समोर पिंप होतं. इथे सरकारी छताखाली, तीन मोठ्या माणसांसमोर, देवाचं नाव घेऊन झालं होतं. खांबेट्यांकडे देवाचं नाव ही थट्टेची गोष्ट नव्हती. मधू शाळेत असताना आजारी पडला, तेव्हा भाऊंनी देवापुढे चहा सोडतो म्हटलं होतं. मुलगा बरा होऊन मॅट्रिक झाला तरी चहाचा वास आला की भाऊ अजून तोंड फिरवत. अशा घरातल्या मुलाला शपथेतून मागे फिरायची वाट नव्हती.

पहिला प्रश्न हिशेबनिसांचा. अर्जात टायपिंग उत्तम येतं असं लिहिलंय, स्पीड किती.

“अर्ज माझ्या वडिलांनी लिहिला,” मधू म्हणाला. “टायपिंग मी पाहिलं आहे. केलेलं नाही.”

हिशेबनिसांनी चष्मा काढला. पोंक्षे साहेबांनी विचारलं, की याआधी कुठे मुलाखती दिल्यात का. मधू म्हणाला, दिल्या. साहेब थांबले. मधूही थांबला. मग साहेबांना विचारावं लागलं, की काय झालं. काय झालं ते सांगायला हरकत नव्हती, म्हणून मधूने छत्रीपासून तिसऱ्या ठिकाणच्या नावापर्यंत सगळं सांगितलं, कुठेही न वाढवता. हिशेबनीस कागदात तोंड घालून हलायला लागले. वकिलांनी विचारलं, छत्री परत मिळाली का. मधू म्हणाला, नाही. आणि तुमचं नाव काय ते तिसऱ्या ठिकाणी शेवटी सांगितलंत का. मधू म्हणाला, नाही, ते पट्टेवाल्याने सांगितलं.

“बरं,” पोंक्षे साहेब डोळे पुसत म्हणाले, “ही नोकरी तुम्हाला का हवी?”

“का ते मला सांगता येणार नाही. हवी आहे, एवढं शपथेवर सांगतो.”

“आमच्या ऑफिसची काही माहिती आहे?”

या प्रश्नासाठी भाऊंनी त्याच्याकडून दोन पानं पाठ करून घेतली होती. पण ती सगळी ऐकीव. मधूने विचारलं, “पाहिलेलं तेवढंच सांगू?” साहेब म्हणाले, तेवढंच सांगा. मग मधू म्हणाला, की व्हरांड्यातला नळ गळतो. घंटी वाजल्यावर पट्टेवाला आधी पान संपवतो. आणि साहेबांना भरीत आवडत नाही.

टेबलाखाली काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. पोंक्षे साहेब पायांनी बूट शोधत होते. ते सापडेनात, तसे हिशेबनीस खाली वाकले, आणि ते बराच वेळ वर आले नाहीत. त्यांचे फक्त खांदे हलताना दिसत होते. मधू तिघांकडे आळीपाळीने पाहत बसला. आपण काही गमतीचं बोललो असं त्याला वाटत नव्हतं. आपली नोकरी चालली आहे, एवढं मात्र त्याला स्वच्छ दिसत होतं. विशेष हे, की ती जाताना पाहूनही तो घाबरला नव्हता.

वकील मात्र आता हसत नव्हते. ते पुढे झुकले होते. “खांबेटे,” ते म्हणाले, “असं बोलायला तुम्हाला कोणी शिकवलं?”

मधूने पाणी मागितलं. ते आलं. त्याने ते सावकाश प्यायलं. पेला खाली ठेवेपर्यंत दुसरं उत्तर सुचलं नाही, आणि शपथ तर घेऊन झाली होती.

“धाकू केण्यांनी.”

वकील उभे राहिले. कोणते धाकू केणे, डोंबिवलीचे का. मधू म्हणाला, हो. ते सध्या कुठे आहेत. मधू म्हणाला, “बाहेर बाकावर आहेत. शेंगदाणे खातायत.”

तिघेही खिडकीशी गेले, पोंक्षे साहेब अनवाणीच. बाकावरच्या धाकूशेठनी खिडकीत तीन डोकी पाहिली आणि कोणत्याही प्रसंगात शोभेल असा नमस्कार केला.

मग वकील इंग्रजीतून खूप बोलले. मधूचं इंग्रजी चांगलं असल्यामुळे त्याला ते सगळं कळलं. ऑफिसच्या जमिनींचे दावे कोर्टात होते. दर वेळी ऑफिसचा कारकून साक्षीला उभा राहायचा, समोरचा वकील त्याला नाव विचारायचा, आणि तो बिचारा भीतीने सगळी फाईलच ओकून टाकायचा, त्यात ऑफिसची जमीन वाहून जायची. आणि समोरच्या बाजूला बहुतेक वेळा उभे असायचे ते हे गृहस्थ. वकिलांनी खिडकीकडे ज्या नजरेने बोट दाखवलं, तिच्यात चीड होती आणि चिडीइतकाच आदर होता.

ते मधूकडे वळले. “उद्या केणे समोरच्या बाजूने उभे राहिले आणि तुम्ही आमच्या, तर?”

हा प्रश्न पडवीत कोणी विचारला नव्हता. मधूला भाऊंचा रिकामा डबा दिसला. मग डोक्यावरचं छप्पर दिसलं, ते धाकूशेठचं होतं. पेल्यातलं पाणी संपलं होतं.

“मी पाहिलं असेल तेवढं सांगेन,” तो म्हणाला. “ते कोणाच्या बाजूचं निघेल, ते मला माहीत नाही.”

बाहेर बसा, पोंक्षे साहेब म्हणाले.

बाकावर धाकूशेठनी त्याच्या हातावर शेंगदाणे ठेवले आणि काय काय विचारलं ते विचारलं. मधू सांगत गेला. शपथेचं ऐकून ते गालात हसले, म्हणाले आवाज इथवर आला. टायपिंगपाशी त्यांचं चावणं थांबलं. साहेबांचं भरीत आलं तशी त्यांनी पुडी खाली ठेवली.

“आरं पोरा,” ते हळू आवाजात म्हणाले, “शपथ तोंड उघराला आस्ती. खरा सांगाला तुना कोनी सांगलेला?”

मधू म्हणाला, देवाचं नाव घेतलं होतं ना. इतक्या वर्षांत धाकूशेठनी फुटलेले साक्षीदार पाहिले होते, उलटलेले पाहिले होते, पळून गेलेले पाहिले होते. हा प्रकार त्यांच्या पाहण्यात नव्हता. चूक आपलीच, असं ते शेवटी म्हणाले. बामणाच्या पोराला शपथ शिकवताना ती कुठपर्यंत घ्यायची हेही सांगायला हवं होतं.

मग मधूने उरलेलं सांगितलं, म्हणजे वकिलांचा शेवटचा प्रश्न आणि आपलं उत्तर. हे सांगताना त्याची वाचा पुन्हा जायला लागली होती. धाकूशेठ समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. एक टांगा गेला. दुसरा गेला. मधूला वाटलं, नोकरीही गेली आणि खोलीही.

“माज्या इरुद्ध,” धाकूशेठ म्हणाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि पाठोपाठ बाकही हलायला लागला. इतकी वर्षं समोर कोणी धड उभंच राहत नव्हतं, एकट्याने कुस्ती खेळून कंटाळा आला होता, असं काहीतरी ते हसण्यातून म्हणत होते. बूट पुसणारा उमेदवार उठून दूर जाऊन बसला.

संध्याकाळ व्हायच्या आत तानाजी आला. पान संपवून आला असल्याने बातमी थोडी उशिरा कळली. खांबेट्यांनी एक तारखेपासून कामावर हजर व्हायचं होतं. टायपिंग ऑफिस शिकवणार होतं.

डोंबिवलीत चाळीने पेढे खाल्ले. मुलाने शपथेवर आपला अर्ज खोटा पाडला हे कळल्यावर भाऊ आतल्या खोलीत जाऊन बसले, पण बाहेर आले ते जेवायला बसले आणि भात दोनदा घेतला. शुभदा विमलाबाईंना म्हणाली, की रेडिओवर आता सरकारी कार्यक्रम लागणार. कळशीचं कोणी काढलं नाही.

श्रावण संपताना मधूची पहिली साक्ष झाली. खाजणातल्या एका बांधाचा दावा होता. त्याआधी मधू ऑफिसच्या मोजणीदाराबरोबर दोनदा चिखलातून तो बांध पाहून आला होता, दुसऱ्यांदा त्याची एक चप्पल तिथेच राहिली. पिंजऱ्यात त्याने विचारलं तेवढंच सांगितलं. बांध वडापासून निघतो. भरतीचं पाणी अडवायच्या उघाडीपाशी संपतो. कोणी घातला ते माहीत नाही. समोरच्या वकिलाने त्याला चारी बाजूंनी धरून पाहिलं आणि मग स्वतःच पाणी मागितलं.

नंतर समोरच्या बाजूने धाकूशेठ उभे राहिले. नेहमीसारखे, बसची वाट पाहत असल्यासारखे. बांध त्यांनी पाहिला होता, लहानपणापासून पाहिला होता. मग ऑफिसच्या वकिलांनी उठून फक्त विचारलं, की वड बांधाच्या कुठल्या अंगाला आहे. आणि ठाण्याच्या कोर्टात पहिल्यांदाच लोकांनी धाकू केण्यांना पाणी पिताना पाहिलं. ते त्यांनी घाई न करता प्यायलं. तेवढ्यात कोर्टाची वेळ संपली आणि पुढची तारीख पडली.

परतताना दोघे एकाच गाडीने आले. चाळीच्या दारात धाकूशेठ थांबले, इकडेतिकडे पाहून आवाज उतरवून म्हणाले, की येत्या रविवारी मोकळा असशील तर जरा बरोबर ये.

मधूने विचारलं, कुठे.

“बांध बगाला,” धाकूशेठ म्हणाले. “मना वाट म्हाईत नाय.”